पिंपावरचं नाक

६ नोव्हेंबर

कांदा खाल्ला! कच्चा, अख्खा, मीठ लावून. सकाळी सकाळी, न्हाणीघराला आतून कडी घालून. डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि जिभेवर स्वर्ग. बायका चोरून काय काय करतात, मी कांदा खाते. माझं मलाच हसू आलं.

सासूबाईंना कळणार नव्हतंच. त्यांचं नाक कधीच गेलंय. पण मामांना कळलं. भट्टी सांभाळतात ते. कुणाचे मामा देव जाणे, सगळा कारखाना मामाच म्हणतो. शेजारून जाताना थबकले, आभाळाकडे बघत म्हणाले, "वहिनी, आज वारा स्वयंपाकघराकडून दिसतोय." आणि मिशीतल्या मिशीत हसत पुढे गेले. चांगला माणूस.

पण पिंपं पारखायची हुकली ना! पहिली चार-पाच हुंगली, प्रत्येकाला कांदाच येतोय. "सर्दी होतेय वाटतं," म्हणून वेळ मारून नेली. सासूबाईंचा चेहरा असा पडला की जणू घरातलं कुणी अत्यवस्थ आहे. लगेच वाफ, गरम पाणी, लोकरीची टोपी, दुपारभर अंथरूण. मला नव्हे, माझ्या नाकाला! मी आपली त्याच्या सोबतीला पडून राहिले.

९ नोव्हेंबर

सर्दी नव्हतीच, त्यामुळे झटकन बरी झाली. पुन्हा पिंपांवर.

काय काम करतेस, असं आईनं फोनवर परत विचारलं. तिला अजून नीट समजत नाही. समजावून सांगता सांगता मलाच ते फार विचित्र वाटायला लागलं. डोंगरातले छोटे भट्टीवाले पाइनच्या झाडांचा चीक उकळतात. वाफेबरोबर तेल वर येतं, तळाशी राळ उरते. ते तेल म्हणजे टर्पेंटाईन. पिंपं भरून ते आमच्याकडे विकायला येतात. आमचीही एक भट्टी आहे, पण तिचा माल पुरत नाही. आलेल्या पिंपात कागदाची पट्टी बुडवायची, झटकायची, नाकाखाली धरायची आणि बोलायचं. ताजं, धारदार असेल तर कापूर बनवणाऱ्यांना. हो, कापूर! अर्धं जग समजतं तो झाडावरून येतो. मधलं असेल तर रंगवाल्यांना आणि व्हार्निशवाल्यांना. शिळं, चिकटायला लागलेलं असेल तर बूटपॉलिशला. जळकं असेल तर फिनेलला. आणि रॉकेल मिसळलेलं असेल तर आल्या पावली परत. मी बोलते, मामा पिंपावर खडूनं खूण करतात. झालं.

"म्हणजे दिवसभर वास घेतेस?" आई म्हणाली. "आणि त्यासाठी तुला बीएस्सी केलं?"

किती लोकांच्या दारांना, बुटांना, मलमाच्या डब्यांना माझं नाक लागलंय, त्यांना पत्ताही नाही. शहरातली प्रयोगशाळा हेच सांगायला आठवडा लावते. मी एका श्वासात सांगते. म्हणून तर!

११ नोव्हेंबर

नाकाचे नियम, एकदा लिहूनच काढते म्हणजे डोकं हलकं होईल. कांदा-लसूण नाही. घरात तळण नाही. केसांना तेल नाही, तोंडाला पावडर नाही, साबण बिनवासाचा. फुलं आवारात लावायचीसुद्धा नाहीत. बाजारात जायचं नाही, तिथे धूळ असते. बसमध्ये बसायचं नाही, तिथे लोक शिंकतात. मैत्रिणीच्या मुलाला बघायला जायचं नाही, लहान मुलं म्हणजे सर्दीचं माहेरघर! लोकांच्या सुना नाकासमोर चालतात. मी माझ्या नाकाच्या मागे मागे चालते. ते जिथे जाऊ शकत नाही तिथे मीही नाही.

फाटकाबाहेर शेवटची कधी गेले होते ते आठवत नाही. दाताच्या डॉक्टरकडे बहुतेक. दात दुखला म्हणून केवढा आनंद झाला होता.

१२ नोव्हेंबर

नवऱ्याचा फोन. "मॅडम, कधी येताय?"

फोनवरच, तरी मी केस सारखे केले. तीन वर्षं झाली त्याला तिकडे, रंगाच्या कंपनीत. मी महिन्याभरात मागोमाग जाणार होते. भांडीसुद्धा बांधून ठेवली होती. महिन्यातून एकदा येतो, दोन दिवस राहतो आणि जाताना फाटकाशी उभा राहून म्हणतो, "आईशी बोल ना तू एकदा." तू का नाही बोलत रे? तुझी आई आहे!

सगळा घोळ माझ्या जिभेचा. लग्नानंतर आठ-दहा दिवसांनी अंगणातून जाताना सहज बोलून गेले, "या पिंपाला रॉकेलसारखा वास का येतोय?" पिंप सासूबाईंनी पास केलेलं होतं. त्यांचं नाक गेलंय हे तोवर कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी लपवलं होतं. त्या दिवशी पिंप उघडलं, तपासलं, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. सासूबाईसुद्धा. मला वाटलं आता माझं काही खरं नाही. तर त्यांनी येऊन माझा हात धरला. तो अजून सोडलेला नाही.

१५ नोव्हेंबर

फाटकापलीकडे बेकरी आहे. वारा तिकडून असला की पाव भाजल्याचा वास येतो. आज वारा तिकडून नव्हता.

१९ नोव्हेंबर

बोलले एकदाची. जेवताना.

"आई, मी आता जाऊ का तिकडे? त्याचे जेवणाचे हाल होतात."

सासूबाई भातावर मीठ घालत होत्या. फार मीठ लागतं त्यांना. कशालाच चव नाही ना, तर निदान खारट तरी लागावं. मुठीनं घालतात. डॉक्टर ओरडतो.

"एवढा हंगाम होऊ दे."

"मागच्या हंगामाला पण हेच म्हणालात."

"तेव्हा कापूरवाल्यांचा करार नवीन होता."

"आणि आता?"

"आता जुना झालाय. जुना मोडला तर जास्त बोभाटा होतो." मग पेला पुढे ओढून म्हणाल्या, "दूध बघ गं, नासलंय का?"

हुंगलं. चांगलं होतं. "चांगलंय," म्हटलं. त्या प्यायल्या. राग आला होता मला, खरंच. पण दुधाचा पेला हातात घेऊन माझ्या तोंडाकडे बघत थांबलेल्या बाईवर नीट रागावतासुद्धा येत नाही. हे सगळ्यात वाईट. त्या दुष्ट असत्या तर मी कधीच पळून गेले असते.

२४ नोव्हेंबर

ताप. खरोखरचा. एक भट्टीवाला पिंप उतरवताना तोंडावर शिंकला. सासूबाईंनी त्याला असा झापला की बिचाऱ्याची शिंक अर्ध्यात विरली.

२७ नोव्हेंबर

ताप उतरला. नाक ठार बंद. पट्टी धरली तर नुसतं चुरचुरतं, वास नाही. कसलाच नाही. जेवण म्हणजे ओला कागद.

सासूबाई दर दोन तासांनी खोलीत येतात. "काही?" "नाही." जातात.

घाबरले आहे. आणि थोडी... नाही. लिहीत नाही.

२८ नोव्हेंबर

लिहितेच. कोण वाचणार आहे! आज मामांनी माझ्याशिवाय पिंपं पाहिली. कागदावर थेंब टाकायचा, वाळू द्यायचा. डाग उरला नाही तर माल चांगला, तेलकट कडं उरलं तर भेसळ. मी खिडकीत बसून होते. कुणी मला हाक मारली नाही. केस धुतले आणि नवऱ्यानं दिलेलं वासाचं तेल लावलं. कुणी काही बोललं नाही! म्हणजे नाक नसलेली मी कुणालाच नकोय. किती बरं वाटलं! असं बरं वाटावं?

१ डिसेंबर

आला! वास परत आला!

आणि कुठे यावा, तर संडासात. भट्टीवर वावरणाऱ्या माणसाच्या अंगात टर्पेंटाईन मुरलं की लघवीला फुलांचा वास येतो. विनोद नाही, खरंच. गोड, जांभळ्या फुलांसारखा. इथे सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणीच नाही. आवारात फुलांना बंदी, त्यामुळे तेवढीच आमची बाग. आज सकाळी तो वास आला आणि मी तिथेच बसून रडले. मग साबण, टॉवेल, ओली भिंत, माझे केस, सगळं एकदम अंगावर धावून आलं.

बाहेर आले. सासूबाई दाराशीच होत्या. "काही?"

मी मान हलवली. नाही.

ठरवलं नव्हतं. शपथ! मान आपली आपण हलली.

२ डिसेंबर

अजून सांगितलेलं नाही.

४ डिसेंबर

सोपं नाही. वाटतं तेवढं अजिबात सोपं नाही. आज भात करपला. मला पहिल्या क्षणाला कळलं. सासूबाई आणि मी समोरासमोर बसून भाजी निवडत होतो. मी शेंगा मोडत राहिले. हात शेगडीकडे धाव घेत होता, त्याला मांडीखाली दाबून ठेवला. धूर दिसला तेव्हा दोघीही एकदमच ओरडलो. तळाचा भात कोळसा. "दोन नकट्या एका घरात," सासूबाई म्हणाल्या आणि हसल्या. पहिल्यांदाच मला त्यांच्यातली धरलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टर येऊन गेला. बॅटरी लावून दोन्ही नाकपुड्यांत डोकावला. "आत सगळं साफ आहे. तापानंतर होतं असं. येईल महिन्या-दोन महिन्यांत. किंवा नाही येणार." त्याची फी वसूल.

नवऱ्याला फोनवर सांगितलं. मग तीन-तीनदा तेच. परत येईल ना? डॉक्टर नक्की काय म्हणाला? चांगल्या डॉक्टरला दाखवूया का? केवढी काळजी! त्याला तरी खरं सांगून टाकावं असं ओठांवर आलं होतं. पण फोन ऑफिसमधला, शेजारी सासूबाई. भेटल्यावर सांगीन. पोट धरून हसेल.

८ डिसेंबर

आज मी एक वाईट गोष्ट केली. केली म्हणजे केली नाही, हेच वाईट.

मामा थेंब टाकत होते. मी नुसती उभी. एक पिंप उघडलं आणि रॉकेल! थोडंच, पण होतं. त्यांनी कागद उन्हात धरला, उलटा केला, पुन्हा धरला. एवढ्याशा रॉकेलचं कडं त्यांच्या डोळ्यांना दिसेना. "वहिनी, तुम्हाला दिसतंय का काही?" मी कागद घेतला. कडं दिसत नव्हतंच, खरोखर. "नाही," म्हटलं. खोटं नव्हतं! त्यांनी खडूनं कापराची खूण केली.

खोटं नव्हतं, खोटं नव्हतं. दिवसभर हेच घोकतेय.

१४ डिसेंबर

कापूरवाल्यांनी गाडी परत पाठवली. अख्खी. त्यांचा माणूस येऊन ऑफिसात बसला. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "बाई, तुमचा माल आम्ही कधी तपासलासुद्धा नाही. तुमच्या घरचं नाक म्हणजे..." एवढंच म्हणाला आणि चहा अर्धा टाकून गेला.

सासूबाई खुर्चीत बसून राहिल्या. मामा दाराशी टोपी हातात घेऊन उभे. "चूक माझी, बाईसाहेब." त्यांची चूक! मी तिथेच होते. मी तोंड उघडलं असतं तर पाच मिनिटांत सगळं मिटलं असतं. आणि माझा जन्म या आवारात मिटला असता. दोन्ही खरं.

गप्प बसले. स्वतःची किळस आली. पण गप्प बसले.

१५ डिसेंबर

मामा आज माझ्याशी नेहमीसारखे बोलले. नसते बोलले तर बरं झालं असतं.

१६ डिसेंबर

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

दुपारी ऑफिसात बसले होते. वास आला. गरम तेलाचा, तळणीत तेल फार तापल्यासारखा, पण उग्र. कळलं लगेच. व्हार्निशच्या खोलीतल्या चिंध्या! आमच्याकडे राळ, जवसाचं तेल आणि टर्पेंटाईन एकत्र करून व्हार्निशही बनतं. पुसलेल्या चिंध्या पसरून वाळवायच्या असतात. ढीग करून ठेवला की आतल्या आत तापतात आणि आपोआप पेटतात. नवीन आलेल्या बाईनं लाकडी खोक्यात कोंबल्या असणार. भिंतीपलीकडे पिंपांची रास. एक ठिणगी आणि सगळे ढगात!

ओरडणार होते. तोंड उघडलंसुद्धा. समोर सासूबाई. धूर नाही, काही नाही. कशावरून ओरडतेस म्हणाल्या तर?

किती वेळ गेला? फार नसेल. पण तेवढा वेळ मी विचार केला, हे आता विसरता येणार नाही. आग लागत होती आणि मी माझ्या नाकाचा विचार करत होते! मग बादली उचलली, "फरशी पुसून घेते," असं काहीतरी बरळले आणि धावले. खोकं लाथेनं उपडं केलं. आतल्या चिंध्या तपकिरी झाल्या होत्या, मधल्या काळ्या. पाणी ओतलं. तेव्हा कुठे भस्सकन धूर निघाला.

मामा धावत आले. "वहिनी! कसं कळलं?"

"धूर दिसला."

"धूर तर आत्ता..." खोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग चिंध्या उचलायला लागले. सासूबाई ऑफिसच्या दारात उभ्या होत्या. किती वेळ, माहीत नाही.

१९ डिसेंबर

परीक्षा झाली! आणि पास झाले!!

सासूबाईंनी सकाळी बोलावलं. टेबलावर काच पुसायच्या अमोनियाची बाटली. आधीच मनाची तयारी केली होती. चिंध्यांनंतर काहीतरी होणार हे दिसतच होतं. म्हणाल्या, "डोळे मीट." बूच काढून बाटली नाकाखाली धरली, अगदी टेकवून. स्वतः मात्र तोंड फिरवून, पदर नाकाला लावून बसल्या होत्या. किलकिल्या डोळ्यांनी पाहिलं मी.

आई गं! मेंदूत सुई गेल्यासारखं झालं. पण चेहरा दगड केला. श्वाससुद्धा नेहमीसारखा घेतला. दोनदा! डोळ्यांतून पाणी आलं ते येऊ दिलं. "काही येतंय?"

"नाही आई. काहीच नाही."

त्यांनी बूच लावलं. बराच वेळ माझ्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "बरं."

एवढंच! नाकावर टिच्चून जिंकले. माझ्याच नाकावर.

२२ डिसेंबर

विश्वास बसत नाही. जेवताना सासूबाई मामांना म्हणाल्या, "बाहेरची पिंपं घेणं बंद. आपल्या भट्टीचं निघेल तेवढंच विकायचं. कापूरवाल्यांना मी सांगते." मामांचा घास हातातच राहिला. म्हणजे धंदा निम्म्याच्या खाली! "बाईसाहेब, डोंगरातली माणसं..." "त्यांना रंगवाले आहेत, फिनेलवाले आहेत. जातील तिकडे."

मग माझ्याकडे न बघता, "तू सामान बांध. पुढच्या आठवड्यात जा त्याच्याकडे. इथे आता तुझं काय काम?"

उठून नाचावंसं वाटलं. नाचले नाही. खोलीत येऊन उशीत तोंड खुपसून हसले, मग रडले, मग परत हसले. नवऱ्याला फोन केला. "सोडलं आईनं?" म्हणाला. मग, "नाक कसंय?" अरे, मी येतेय! नाकाचं काय घेऊन बसलास!

२६ डिसेंबर

बांधाबांध. तीन वर्षांत माझं असं फारसं काही जमलंच नाही. मामांनी व्हार्निश मारलेली लाकडी पेटी दिली. "आपल्याच भट्टीच्या तेलातलं आहे वहिनी. आरशासारखं चमकतं बघा." नजर वर करता आली नाही मला. गाडीचं सांगावं का यांना? म्हणावं का, मामा, चूक तुमची नव्हती? "छान आहे," म्हटलं. भित्री!

३० डिसेंबर

निघाले. बसमध्ये लिहितेय, अक्षर हलतंय. शेजारचा माणूस संत्रं सोलतोय आणि मागे कुणीतरी सारखं शिंकतंय. सगळं हवंहवंसं वाटायला हवं. वाटत नाही.

सासूबाई फाटकापर्यंत आल्या. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी दंडाला धरून उठवलं आणि हात तसाच ठेवला.

"अमोनिया मला झोंबतो," म्हणाल्या.

मला कळेना.

"नाक मेलं तरी झोंबतो. वास जातो गं, आग जात नाही. खरंच गेलं असतं, तर तू माझा हात झटकून टाकला असतास. नाकानं मेलेली माणसंसुद्धा मागे सरकतात. तूच एक पुतळ्यासारखी बसलीस."

माझा हात आपोआप नाकाकडे गेला. मग विचारलं, "मग पाठवताय कशाला?"

"मला कुणी विचारलं नाही कधी, जायचंय का म्हणून. आणि नाक गेल्यावर मी कुठे जाणार होते!" बस आली. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. "आता खोटं बोललीयेस ना, तर शेवटपर्यंत निभाव. कुणाजवळ बोलायचं नाही. त्याच्याजवळसुद्धा नाही."

"त्याच्याजवळही नाही? नवरा आहे तो माझा."

"माझा मुलगा आहे. मी ओळखते त्याला."

बस सुटली तरी फाटकाशी उभ्या होत्या. मनात आलं, शेवटी सासू ती सासूच. सोडलं तरी नवऱ्या-बायकोमध्ये पाचर मारूनच. मी सांगणारच आहे त्याला. पोचल्या पोचल्या सांगणार!

३१ डिसेंबर

काल पोचले तेव्हा तो कामावरून यायचा होता. शेजारणीकडे किल्ली. खोली लहानशी, पण पडदे नवे आहेत, त्यानं स्वतः लावलेत. एक वाकडा. आला, दमलेला, मला बघून असा हसला की सगळं पाणी पाणी. निवांतपणे सांगीन म्हटलं. घाई कशाला, आता सगळा जन्म पडलाय. रविवारी सांगीन, दोघंही घरी असू. जेवणात कांदा घातला. भरपूर!

३ जानेवारी

आज रविवार. सांगितलं नाही.

चहा झाल्यावर त्यानं कपाटातून तीन छोट्या बाटल्या काढल्या आणि माझ्यासमोर ओळीनं मांडल्या. कंपनीतून आणल्यात. साहेबांच्या दिवाणखान्यात बसून त्यानं त्यांना शब्द दिलाय, सहा महिने झाले. माझ्या बायकोला कंपनीत घ्या, यंत्र काय तपासेल असं ती तपासते. त्याची बढती त्यावरच अडलीय. "घाबरू नकोस," माझे हात हातात घेऊन म्हणाला. "रोज सकाळी पाच मिनिटं हुंगायचं फक्त. येईल परत. आपल्यासाठी कर."

बुचं काढायच्या आधीच मला कळलं होतं. पहिलीत रॉकेल. दुसरी शिळी. तिसरी आमच्या भट्टीची, मामांच्या हातची.

एकेक करून हुंगल्या. तो श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघत होता.

"काही?"

"नाही," म्हटलं. हे आता जन्मभर म्हणायचं.